सुक्या लाकडाचा किडा, हिरव्या वेलीत

द्राक्षबागायतदाराला त्याच्या बागेचे शत्रू विचारा. डाऊनी, भुरी, करपा, मिलीबग, फुलकिडे, उडद्या अशी नावं तो एका दमात घेईल. हे सगळे कुठे ना कुठे दिसतात. डाऊनीचा डाग पानावर उमटतो, मिलीबगचा चिकटा घडावर बसतो, उडद्यानं काडीवरचे फुटते डोळे कोरले तर दोन दिवसांत लक्षात येतं. यादीच्या तळाशी एक नाव नंतर आठवल्यासारखं येतं: खोडकिडा. आणि ते तर धड एका किड्याचं नावही नाही. खोडात शिरणारी कुठलीही अळी म्हणजे खोडकिडा, असा सरसकट हिशोब असतो. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत या एका नावाखाली किमान दोन वेगवेगळे भुंगेरे वावरतात. दोघांच्या सवयी वेगळ्या आहेत, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

त्यातला जो कमी माहितीचा आहे, त्याच्याबद्दल हा लेख. त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रोमॅशियम बार्बेटम. लिनिअसचा शिष्य असलेल्या योहान फाब्रिसियस या डॅनिश कीटकतज्ज्ञानं 1775 मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. म्हणजे शास्त्राला तो अडीचशे वर्षं माहीत आहे. पण ती ओळख वखारीतली. लाकडाच्या व्यापारात आणि वनखात्याच्या कागदपत्रांत त्याची नोंद सुकलेलं इमारती लाकूड पोखरणारा किडा अशी होती. परदेशी बंदरांवरच्या तपासणी याद्यांमध्ये तो आजही 'कुलसी टीक बोरर' या नावानं असतो. कुलसी हे आसामातलं सागाच्या जुन्या लागवडीचं ठिकाण. द्राक्षाच्या जिवंत वेलीशी त्याचं नाव जोडलं गेलं ते अगदी अलीकडे. 2010 च्या आसपास महाराष्ट्रातल्या बागांमधून त्याच्या नोंदी शास्त्रीय नियतकालिकांत येऊ लागल्या. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या कीटकतज्ज्ञांनी त्यावर सातत्यानं काम केलं आहे.

मला यात रस वाटतो तो एका कोड्यामुळे. सुकं लाकूड खाणारा किडा, ज्या वेलीला रोज ठिबकनं पाणी मिळतं, जिच्यावर हिरवीगार पानं आहेत, तिच्यात कशासाठी शिरेल?

आधी हा प्राणी कोण, ते पाहू.

लांब मिशांचे भुंगेरे हे भुंगेऱ्यांमधलं एक मोठं कुळ आहे. जगभरात त्यांच्या पस्तीस हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत, भारतात दीड हजारांच्या आसपास. ओळखायची खूण नावातच आहे. डोक्यावरच्या दोन स्पर्शिका बहुधा अंगाइतक्या, कित्येकदा अंगाहून लांब असतात. दुसरी खूण जवळून पाहिल्यावर दिसते. डोळा गोल नसतो, मधोमध खाच असलेला, मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो आणि त्या खाचेजवळून मिशी निघते. हातात धरला तर बरेचसे भुंगेरे चूं-चूं असा आवाज काढतात. हा आवाज तोंडातून येत नाही. मान वर-खाली करताना छातीचा पुढचा भाग मागच्या बारीक रेषांच्या पट्टीवर घासतो, त्याचा तो आवाज.

कोकणात आंब्याला लागणारा भिरूड याच कुळातला. भिरूड अंगानं मोठा, करड्या रंगाचा, पाठीवर ठिपके असलेला. तो दिसला की माणूस थबकतो. आपला स्ट्रोमॅशियम त्यापुढे अगदीच साधा. साधारण दोन-अडीच सेंटिमीटर लांब, तांबूस तपकिरी ते काळपट तपकिरी, अंगावर बारीक लव, नक्षी कसलीच नाही. नराच्या मिशा अंगापेक्षा लांब, मादीच्या जेमतेम अंगाइतक्या. दिवसा हा सुटलेल्या सालीखाली, फटीत दडून बसतो. बागेत दिवसभर काम करणाऱ्या माणसाला तो वर्षानुवर्षं दिसला नाही तर त्यात नवल नाही.

शिवाय जो भुंगेरा दिसतो, तो नुकसान करतच नाही. प्रौढाचं आयुष्य काही आठवड्यांचं असतं. पानं-कोंब कुरतडायच्या भानगडीत तो पडत नाही. जोडी जमवणं आणि अंडी घालणं एवढंच त्याचं काम. खाण्याचं सगळं काम अळीच्या वाट्याला आलेलं आहे आणि अळी लाकडाच्या आत असते. पिवळसर पांढरी, पाय जवळजवळ नसल्यासारखे, डोक्याकडे थोडी रुंद, जबडे मात्र काळे आणि टणक. या किड्याच्या आयुष्याचा सर्वांत मोठा भाग अंधारात, लाकूड कोरण्यात जातो.

लाकडावर जगायचं म्हणजे काय

लाकूड हे अन्न म्हणून फार वाईट आहे. त्यात प्रामुख्यानं सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन ही तीन द्रव्यं असतात. पहिली दोन मुळात साखरेच्याच लांब साखळ्या, पण त्या तोडणं आपल्यासारख्या प्राण्यांच्या पोटाला जमत नाही. लिग्निन तर जवळपास सगळ्यांच्याच पचनाबाहेरचं. त्याहून मोठी अडचण प्रथिनांची. शरीर वाढवायला नत्र लागतं आणि लाकडात ते वजनाच्या एक दशांश टक्क्याहूनही कमी असू शकतं. तूरडाळीत नत्राचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, त्याच्याशी ताडून पाहा. नुसत्या कोरड्या भाकरीवर पैलवान व्हायचं ठरवलं तर जी गत होईल, ती या अळीची असते. अंग धरायला तिला प्रचंड लाकूड खावं लागतं आणि प्रचंड वेळ द्यावा लागतो.

सेल्युलोज तोडायचं काम वाळवी पोटातल्या सूक्ष्मजीवांकडून करून घेते. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांची गोष्ट जरा निराळी आहे. 2016 मध्ये या कुळातल्या 'आशियाई लांब मिशांचा भुंगेरा' या जातीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. झाडाच्या पेशींच्या भिंती फोडणारी विकरं बनवणारी कितीतरी जनुकं त्यात सापडली. त्यांतली काही मूळची जिवाणूंची आणि बुरशींची होती. फार पूर्वी केव्हातरी ती किड्यांच्या पूर्वजांच्या जनुकसंचात शिरली आणि तिथेच राहिली. म्हणजे लाकूड फोडण्याची हत्यारं या किड्यांनी उसनी घेतली आणि परत केलीच नाहीत. माझ्या मते या सगळ्या कुळाच्या यशामागचं मोठं कारण हे आहे.

पाण्याचंही तसंच. सुक्या लाकडात ओल नावापुरती असते. अन्नाचं ज्वलन होताना शरीरात जे थोडं पाणी तयार होतं, त्यावर ही अळी बरंचसं भागवते. लाकूड जितकं कोरडं आणि निकस, तितकी वाढ मंद. म्हणून एकाच जातीची अळी ओलसर, पिष्टमय पदार्थ असलेल्या लाकडात वर्षभरात भुंगेरा होते, आणि तीच अळी रंधून-तासून कपाट झालेल्या फळीत अडकली तर कित्येक वर्षं लावते. स्ट्रोमॅशियमबाबत हे चांगलंच नोंदलेलं आहे. याच कुळातल्या एका अमेरिकन जातीचा भुंगेरा चाळीस वर्षं जुन्या, बर्च लाकडाच्या पुस्तकांच्या कपाटातून बाहेर पडल्याची प्रसिद्ध नोंद आहे. कपाट करताना फळीत असलेली अळी घरातली एक अख्खी पिढी मोठी होईपर्यंत आतच होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. लाकूडखाऊ किडे बहुतेक चोखंदळ असतात. कुणाला ताजं तोडलेलं लागतं, कुणाला साल असलेलंच लागतं, कुणी एकाच झाडाच्या नादी लागतो. स्ट्रोमॅशियमला यातलं काही नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत ब्रिटिश काळात सी. एफ. सी. बीसन हे वनकीटकांचे मोठे अभ्यासक होते. तेव्हापासून झालेल्या नोंदी एकत्र केल्या तर या किड्याच्या खाद्ययादीत तीनशेच्या वर झाडं जमा होतात. साग, सालवृक्ष, आंबा, बाभूळ, काहीही चालतं. साल असली तर ठीक, नसली तरी हरकत नाही. फक्त लाकूड सुकं हवं.

मग वेलीत कसा?

वेल वरून हिरवी असते, पण तिचं खोड आतून किती जिवंत असतं?

झाडाच्या खोडात खरा जिवंत, वाढणारा थर फार पातळ असतो, साल आणि लाकूड यांच्या मधोमध. त्याच्या आतला जो भाग आपण लाकूड म्हणतो, त्यातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या मेलेल्या पेशींच्याच बनतात. मरून पोकळ झाल्याशिवाय त्यातून पाणी वाहणार कसं? त्या नळ्यांच्या आजूबाजूला काही पेशी मात्र जिवंत राहतात आणि वेल त्यांच्यात पिष्टमय पदार्थ साठवून ठेवते. छाटणीनंतर वेलीवर एकही पान नसताना जे नवे फुटवे येतात, ते या शिदोरीवर. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी झालेली बाग पंधरवड्यात हिरवी दिसू लागते ती खोडात आणि ओलांड्यात, म्हणजे मांडवावर आडव्या पसरलेल्या जाड फांदीत, साठवलेल्या या अन्नामुळे.

आता त्यात छाटणीची भर घाला. युरोपात द्राक्षाची छाटणी वर्षातून एकदा होते. आपल्याकडे थंडी वेलीला पूर्ण झोपवत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी अशी दोनदा होते. बारा वर्षांच्या बागेनं चोवीसच्या आसपास छाटण्या सोसलेल्या असतात. प्रत्येक मोठ्या कापाखाली लाकूड काही अंतरापर्यंत मरतं आणि सुकतं. आत सुळक्यासारखा सुक्या लाकडाचा भाग तयार होतो. आंब्यासारखं झाड जखम हळूहळू झाकून टाकतं, द्राक्षवेलीला ते नीट जमत नाही. असे सुळके ओलांड्यावर जागोजागी साठत जातात. उन्हाळ्यात ओलांड्याची वरची बाजू थेट उन्हात भाजून निघते, तिथलं लाकूड वेगळंच मरतं.

आणि साल. द्राक्षाची जुनी साल झाडाला घट्ट धरून राहत नाही, लांब लांब पट्ट्यांनी सुटते. या पट्ट्यांखाली मिलीबग राहतो, हे बागायतदाराला पाठ आहे. तिथेच स्ट्रोमॅशियमची मादी अंडी घालते. ऊन लागत नाही, पाऊस थेट येत नाही, फवारणीही पोचत नाही, आणि अंड्यातून निघालेल्या बारीक अळीला समोरच लाकूड मिळतं.

तेव्हा किड्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यानं काही सवय मोडलेली नाही. जुनी द्राक्षवेल म्हणजे त्याच्यासाठी मुळांवर उभं असलेलं सुकं लाकूड, वर पिष्टमय पदार्थांची भर, आणि त्याच खोडाला दर वर्षी दोन ताज्या जखमा. बाग जुनी होत गेली की असं लाकूड वाढत जातं. या किडीचा त्रास नव्या बागांपेक्षा जुन्या बागांत जास्त दिसतो, त्यामागे मला तरी हेच कारण दिसतं. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या पट्ट्यात एकाच वयाच्या बागांचे सलग टापू आहेत. एका बागेतून निघालेल्या भुंगेऱ्याला पुढची बाग शोधायला फार उडावं लागत नाही.

जंगलात हाच किडा उपयोगी आहे, हेही सांगून टाकतो. मेलेल्या फांद्यांचं लाकूड फोडून मातीत परत पाठवणाऱ्यांपैकी तो एक. तिथे त्याच्यावर कुणी लेख लिहिणार नाही.

भुसा कुठे पडतो, त्यावरून ओळख

आता त्या दुसऱ्या खोडकिड्याबद्दल, कारण या दोघांत गल्लत झाली की खर्च वाया जातो. त्याचं नाव सेलोस्टर्ना स्केब्रेटर. हा मूळचा बाभळीचा. आकारानं स्ट्रोमॅशियमपेक्षा मोठा, मळकट पिवळसर करडा. तो दिवसा हिंडतो आणि कोवळ्या काडीची हिरवी साल कुरतडतो, त्यामुळे काड्या वाळलेल्या दिसतात. त्याची अळी खोडातून खाली मुळाकडे जाते आणि भुसा छिद्रातून बाहेर ढकलत राहते. वेलीच्या बुंध्याशी जाडसर भुशाचा ढीग दिसला, की आत सेलोस्टर्ना आहे असं समजायला हरकत नाही.

स्ट्रोमॅशियमची अळी भुसा फारसा बाहेर काढत नाही. पुढचं लाकूड खायचं आणि मागच्या बोगद्यात पिठूळ भुसा ठासून भरायचा, ही तिची पद्धत. ओलांड्यावर किंवा जमिनीवर थोडी भुकटी सांडलेली दिसते, पण तीही साल हलवल्यावर. बाहेरून खोड शाबूत वाटतं. आडवा काप घेतला तर आत लाकडाऐवजी घट्ट दाबलेली भुकटी निघते. खोडावर लंबगोल छिद्रं दिसली, तर भुंगेरे बाहेर पडून गेले आहेत असं समजावं, कारण ती त्यांनी जाताना केलेली वाट असते.

इथेच कोकणातला जुना उपाय तोकडा पडतो. आंब्याच्या भिरुडाला तारेचा हूक घालून अळी ओढून काढतात, किंवा भोकात औषधाचा बोळा घालून वरून चिखलानं लिंपतात. तिथे ते चालतं, कारण अळीपर्यंत जाणारं भोक मोकळं असतं. स्ट्रोमॅशियमच्या बोगद्यात तार पुढे सरकतच नाही, आणि आत सोडलेलं औषध पहिल्या इंचातला भुसा शोषून घेतो. एका खोडात एकाऐवजी अनेक अळ्या, प्रत्येकीचा बोगदा वेगळा. द्राक्षाच्या खोडात इंजेक्शन देत बसण्यावर मजुरी घालवणारे बागायतदार आहेत. मला तो पैसा बुडीत वाटतो.

वेलीला नेमकं काय होतं? एका वर्षात ती मरत नाही. पाणी नेणाऱ्या नळ्या आणि शिदोरी साठवणाऱ्या पेशी दोन्ही थोड्या थोड्या कमी होतात. खरड छाटणीनंतर फुटवे मागेपुढे निघतात, काडी बारीक राहते, एखाद्या ओलांड्याची एक बाजू हळूहळू रिकामी होत जाते. घडाचं वजन घटतं. हे सगळं पाण्याच्या कमतरतेमुळे, खताच्या चुकीमुळे, कलमाच्या खुंटाच्या दोषामुळेही होऊ शकतं, आणि दोष बहुधा त्यांनाच दिला जातो. मग एखाद्या हंगामात मालाच्या वजनानं ओलांडा मोडतो आणि आतला भुसा बाहेर येतो.

पावसाळ्याच्या रात्री

या किडीचा एकच कच्चा दुवा आहे. एरवी लाकडाच्या आड असणाऱ्या या प्राण्याला आयुष्यात एकदा बाहेर यावंच लागतं. ती वेळ साधारण ठरलेली आहे. वळीव किंवा मान्सूनचा पहिला चांगला पाऊस झाला की भुंगेरे निघायला लागतात आणि जून ते ऑगस्ट हा त्यांचा मुख्य काळ. अंधार पडल्यावर ते खोडावर, ओलांड्यावर फिरताना दिसतात. बॅटरी घेऊन बागेत गेलं तर हातानं गोळा करता येतात. साधं वाटतं, पण अंडी घालण्याआधी पकडलेली एक मादी म्हणजे पुढच्या वर्षभरात खोडात न शिरलेल्या डझनांनी अळ्या. ते उजेडाकडे येतात, म्हणून प्रकाश सापळेही लावतात. सापळ्यात किती सापडले, यापेक्षा पहिला भुंगेरा कधी सापडला याला जास्त महत्त्व आहे. त्या दिवसापासून बागेतलं काम सुरू होतं.

त्याआधीच एक गोष्ट उरकून ठेवावी: सुटलेली साल काढणं. पाऊस यायच्या आधी खोड आणि ओलांडे स्वच्छ केले, की मादीला अंडी घालायला आडोसा राहत नाही, आणि जे औषध किंवा जैविक बुरशी वापरायची ती सालीवर न अडकता जिथे पोचायला हवी तिथे पोचते. मिलीबगसाठी हे काम करायचंच असतं, तेव्हा एका मजुरीत दोन कीड. काढलेली साल मात्र वेलीखाली टाकून ठेवू नये.

पावसाळ्यातली हवा दमट असते, म्हणून मेटारायझियम आणि ब्युव्हेरिया या कीटकांना मारणाऱ्या बुरशींना तो काळ सोयीचा. त्या किड्याच्या अंगावर रुजतात आणि आत वाढतात. जपानमध्ये याच कुळातल्या, संत्रावर्गीय झाडं आणि तुती पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी ब्युव्हेरियाच्या एका जातीच्या पट्ट्या झाडाच्या खोडाला बांधतात. भुंगेरा त्यावरून चालत गेला की बुरशी घेऊनच जातो. खोडावर फिरणाऱ्या रात्रीच्या किड्यासाठी ही कल्पना मला फार पटते.

रासायनिक औषधाचं म्हणाल, तर कुठलं आणि किती हे मांजरीच्या केंद्राच्या चालू वर्षाच्या शिफारशींतूनच घ्यावं. निर्यातीची बाग असेल तर त्याला पर्यायच नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, तो हंगाम अनेकांना अजून आठवतो. एक बाजू मात्र आपल्या सोयीची आहे. जून-जुलैत बहुतेक बागांत वेलीवर घडच नसतो, काडी तयार होत असते. खोडापुरती केलेली प्रक्रिया आणि फळ यांच्यात काही महिने मोकळे राहतात. सटाणा, कळवण, देवळा या अर्ली पट्ट्याचं गणित वेगळं. तिथे फळछाटणी जून ते ऑगस्टमध्येच होते, म्हणजे भुंगेरे आणि घड एकाच वेळी. तिथे हातवेचणी आणि साल काढणं यांवरच जास्त भर द्यावा लागेल.

पुढे कदाचित गंधसापळेही येतील. या भुंगेऱ्यांच्या उपकुळात बऱ्याच जातींमध्ये नर गंध सोडतो आणि त्यावर माद्या येतात, कधी दुसरे नरही. अमेरिकेत जोसेलिन मिलर आणि लॉरेन्स हँक्स यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना आढळलं की एकच साधं रसायन कितीतरी जाती वापरतात. लांब मिशा कशाला, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. अंधारात वास हुंगायला जितकी लांब मिशी, तितकी जास्त जागा.

बांधावरचा ढीग

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट बागेच्या बाहेर असते. जुनी बाग काढली की खोडं चुलीसाठी बांधाला रचून ठेवतात. बाकीच्या बहुतेक किडींच्या दृष्टीनं वेल उपटली की विषय संपला. मिलीबगला रस हवा, तो उपाशी मरतो. डाऊनीला जिवंत पान हवं. स्ट्रोमॅशियमचं काहीच बिघडत नाही. तो सुक्या लाकडाचाच किडा, वेल उपटल्यानं त्याचं घर फक्त बांधावर गेलं. त्या ढिगातून पुढच्या पावसाळ्यात भुंगेरे निघतात, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातही निघू शकतात, आणि शेजारच्या नव्या लागवडीवर किंवा शेजाऱ्याच्या जुन्या बागेवर जातात. पोखरलेला ओलांडा कापून टाकला, त्याचंही तेच. म्हणून काढलेली खोडं पहिल्या पावसाच्या आत जाळून किंवा जळण म्हणून वापरून संपवावीत. मांडवाला किडकी लाकडी बल्ली टेकू म्हणून लावली असेल तर तिच्याकडेही एकदा पाहावं.

लाकडातून फिरण्याची ही सवय त्याला समुद्रापलीकडेही घेऊन गेली. भारत, श्रीलंका, म्यानमार हा त्याचा मूळ मुलूख, पण मॉरिशस, मादागास्कर, सेशेल्स आणि पूर्व आफ्रिकेतही तो पोचलेला आहे. एवढा छोटा भुंगेरा हिंदी महासागर उडून पार करत नाही. फळ्या, ओंडके आणि लाकडी सामान यांच्या आत अळी बसून गेली, याशिवाय दुसरा मार्ग दिसत नाही.

त्याचा भाऊबंद असलेल्या आशियाई लांब मिशांच्या भुंगेऱ्यानं या बाबतीत जगाचे डोळे उघडले. तो 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्याकडेच्या झाडांत सापडला. चीनमधून मालासोबत आलेल्या लाकडी पेट्यांतून तो आला होता. त्यानंतर हजारो झाडं तोडावी लागली. मालापेक्षा मालाचं खोकं धोक्याचं असू शकतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम आला: निर्यातीच्या लाकडी पॅकिंगचा गाभा 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापलेला असला पाहिजे किंवा त्यावर मान्य धुरीकरण झालेलं असलं पाहिजे. नाशिकच्या पॅकहाऊसमधून युरोपला निघालेल्या द्राक्षांच्या खोक्यांखाली जी लाकडी पॅलेट असते, तिच्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र, 'आयएन' आणि 'एचटी' ही अक्षरं डागलेली असतात. ती याच नियमाची. 'एचटी' म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेली. एवढ्या तापमानाला आतली अळी शिजून मरते.

ज्यांचा द्राक्षाशी संबंध फक्त खाण्यापुरता आहे, त्यांच्याही घरात हा किडा असू शकतो. स्वस्तातल्या, नीट न पिकवलेल्या लाकडाच्या पलंगातून किंवा दाराच्या चौकटीतून रात्री शांतता झाल्यावर करकर आवाज येत असेल आणि खाली पिवळसर भुकटी पडत असेल, तर आधी मातीच्या नळ्या आहेत का ते पाहावं. असतील तर वाळवी. नसतील आणि लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं असतील, तर तो दुसराच बारीक किडा, त्याची भुकटी मैद्यासारखी मऊ असते. भोक लंबगोल आणि चांगलं मोठं, पेन्सिलीचं टोक जाईल असं असेल, तर लांब मिशांचा भुंगेरा आत होता. कदाचित त्याची भावंडं अजून आहेत. गाभ्याचं पक्कं लाकूड सहसा सुरक्षित असतं, अळीला त्याभोवतीचा फिकट, पिष्टमय पदार्थ असलेला बाहेरचा भाग आवडतो. सुतारकामाचं लाकूड घेताना फळीच्या कडेला फिकट पट्टा किती आहे, ते पाहून घ्यावं. जुने सुतार तो पट्टा काढून टाकायला सांगतात.

भोकं बुजवून वर पॉलिश मारलं तर आतल्या अळीचं काहीच बिघडत नाही. ती वेळ झाल्यावर नवीन भोक पाडून बाहेर येते.